तुमच्या कुत्र्याला केमो द्यायची ठरवण्याआधी

कॅन्सर म्हटलं की आमच्या टेबलासमोर पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर, त्याचे हाल तर होणार नाहीत ना?" घरातल्या कुणाची तरी केमो जवळून पाहिलेली असते, त्यामुळे ही धास्ती साहजिक आहे. माणसाला शरीर सोसेल तेवढा जबर डोस देतात, कारण आजार मुळासकट काढायचा असतो. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा तो आटोक्यात ठेवून खाणं-पिणं, फिरणं नीट चालू ठेवायचं असतं, म्हणून डोस बेताचा असतो. बहुतेक कुत्री त्याच दिवशी घरी जातात.

औषध ठरतं ते गाठीच्या जातीवरून. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, जबड्याखाली आणि गुडघ्यामागे गाठी हाताला लागतात. उपचार न केल्यास अनेकदा 4 ते 6 आठवडेच हातात असतात. त्यासाठी 'चॉप' ही पद्धत: व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन आलटून-पालटून, सुरुवातीला जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, असे 4 ते 6 महिने. हा आजार बी किंवा टी या पांढऱ्या पेशींतून उठतो. बी-पेशींच्या प्रकारात बहुतेकांच्या गाठी विरघळतात आणि साधारण वर्षभर मिळतं. टी-पेशींच्या प्रकारात कमी. आजार बहुधा उलटतो, हे आम्ही आधीच सांगतो. दर आठवड्याला येणं जमणार नसेल तर एकटं डॉक्सोरुबिसिन, दर 3 आठवड्यांनी, साधारण 5 वेळा. नुसतं प्रेडनिसोलोन दिलं तर एक-दोन महिने बरे जातात, तोही पर्याय आहेच. मात्र तपासणीआधी "सूज उतरेल" म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका. त्याने निदान झाकलं जातं आणि पुढे केमोला गाठी दाद देत नाहीत.

हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय काढून नंतर कार्बोप्लॅटिन देतात. तीन पायांवर कुत्रं लवकर सावरतं, मालकालाच जास्त वेळ लागतो. टीव्हीटी, म्हणजे मिलनातून पसरणारी जननेंद्रियावरची गाठ, हा सुखद अपवाद: आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिन, साधारण 4 ते 6 इंजेक्शनं, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी.

प्रत्येक डोसआधी रक्त तपासतो. पांढऱ्या पेशी कमी असतील तर डोस पुढे ढकलतो. यावर घासाघीस चालत नाही. डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं, शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस सडतं. म्हणून नवीन सुई, पायावर केस काढलेला छोटा चौकोन आणि दोन माणसं धरायला. कुत्रं कोली जातीचं किंवा त्या रक्ताचं असेल तर आवर्जून सांगा. त्यांच्यातल्या एका जनुकदोषामुळे काही औषधं नेहमीच्या डोसातही विषारी ठरतात.

घरी गेल्यावर पहिले काही दिवस उलटी, जुलाब, खाण्यावरून मन उडणं होऊ शकतं. त्यावर गोळ्या देतो. खरी काळजी 7 ते 10 व्या दिवशी, तेव्हा पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. मलूल दिसला तर गुदद्वारातून ताप बघा. 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

सायक्लोफॉस्फामाइड सकाळी द्या आणि दिवसभर वरचेवर लघवीला बाहेर न्या, नाहीतर मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त जातं. गोळी तोडू किंवा कुटू नका. 3 दिवस मल-मूत्र हातमोजे घालून उचला; गर्भवती बाईने आणि लहान मुलांनी ते काम करू नये. केस सहसा गळत नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे विरळ होतात, आणि मिशा मात्र पुष्कळांच्या जातात, त्या परत येतात.