राखमिश्रित काँक्रीट

सिमेंटचा काही भाग वगळून त्याजागी औष्णिक वीजकेंद्राची बारीक राख, म्हणजे फ्लाय ॲश, घालून केलेले काँक्रीट. नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा ही कोळशावरची केंद्रे असल्याने येथे हा माल मुबलक आहे. धुरातून विद्युत अवक्षेपकांत, म्हणजे विजेच्या भाराने कण पकडणाऱ्या यंत्रांत, धरलेली कोरडी राखच या कामाची. पाण्याबरोबर वाहून बंधाऱ्यात साचलेली राख मुख्यतः भरावाला व विटांना जाते. स्थानिक चर्चेत हा फरक बहुधा पुसला जातो.

राख मिसळण्याची कल्पना जुनीच. चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळण्याचे श्रेय सहसा रोमनांना दिले जाते. काही अभ्यासक ते ग्रीकांकडे नेतात व ऱ्होड्स बेटावरील कामिरोस या प्राचीन नगराचा पाण्याचा हौद पुढे करतात. तो ढोबळमानाने इ. स. पू. ५०० च्या सुमाराचा धरतात. ग्रीक अग्रक्रम संभवनीय दिसतो. मात्र समुद्राच्या पाण्यात व मोठ्या प्रमाणावर बांधकाम रोमनांनीच केले. भारतातील चुना-सुरखीची (सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची भुकटी) परंपरा याच तत्त्वावरची. भाजलेली माती सर्वत्र हाताशी असल्याने ती इथेच सुचली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक. वीजकेंद्राच्या राखेवरील पायाभूत संशोधन १९३७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून प्रसिद्ध झाले. भारतात उत्तर प्रदेशातील रिहांद धरण हे आरंभीचे उदाहरण.

सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना मोकळा होतो. राखेतील सिलिका त्याच्याशी सावकाश संयोग पावून बंधक द्रव्य तयार करते व छिद्रे बुजवते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात ताकद कमी भरते, ती नंतरही वाढत राहते. २८ दिवसांच्या चाचणीवरून अशा काँक्रीटला कच्चे ठरवणे घाईचे होते. उष्णता कमी सुटते, हा जाड ओतकामात फायदा. मात्र पाणी अधिक दिवस मारावे लागते: काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ : २००० नुसार किमान १० दिवस, आणि कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात शिफारशीचाच आकडा धरावा. बाजारातील पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. तीत कामावर आणखी राख घालणे बेतानेच करावे.

क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होणारे खडे, भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून सिमेंटची बचत ही पर्यावरणाचीही बचत. लोखंडाच्या झोतभट्टीची दळलेली धातुमळी (स्लॅग) हा दुसरा पर्याय. कन्हान नदीच्या वाळूऐवजी बेसाल्टची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरतात, पण ती सिमेंटची जागा घेत नाही.