हाताचा चाळा आणि मनाचा ताण

महत्त्वाच्या फोनची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या हातांकडे जरा लक्ष द्यावे. पेनचे टोपण निघते आणि पुन्हा बसते, बोटातील अंगठी फिरते, कागदाच्या कोपऱ्याची सुरळी होत राहते, आणि हे सगळे आपण करत आहोत याची त्या माणसाला बहुतेक वेळा जाणीवही नसते. मराठीत याला आपण चाळा म्हणतो आणि लहानपणापासून त्याबद्दल बोलणीही खातो. मुठीत दाबायचा स्ट्रेस बॉल, बटणांचे ठोकळे, बोटांत धरून भिंगरीसारखा फिरवायचा फिजेट स्पिनर या वस्तू म्हणजे याच जुन्या सवयीला मिळालेले नवे रूप आहे. त्यांचा उपयोग खरोखर होतो का, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते एका साध्या गोष्टीवर ठरते: ती वस्तू हातात असताना डोळे कुठे असतात?

ताणाच्या प्रसंगी अशी हालचाल फक्त माणूसच करतो असे नाही. नर काटेमासा आपल्या हद्दीच्या सीमेवर प्रतिस्पर्ध्यासमोर येतो, तेव्हा चाल करून जावे की माघार घ्यावी या पेचात सापडून अचानक डोके खाली करतो आणि घरटे बांधायला निघाल्याप्रमाणे वाळू उकरू लागतो. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी 1973 मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेल्या निको टिनबर्गेन यांनी या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला होता. प्रसंगाशी संबंध नसलेल्या अशा कृतीला विस्थापित वर्तन म्हणतात. माणसांमध्येही हे वर्तन मोजले गेले आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागी व्यक्तींना परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणित सोडवायला सांगितले होते. त्या वेळी डोके खाजवणे, चेहऱ्याला हात लावणे, ओठ चावणे अशा हालचाली जास्त करणाऱ्या पुरुषांनी कमी ताण जाणवल्याचे सांगितले आणि गणितातही त्यांच्या चुका कमी झाल्या. स्त्रियांमध्ये मात्र असा संबंध आढळला नाही. त्यामुळे चाळ्याने ताण उतरतोच, असे सरसकट विधान या अभ्यासाच्या आधारे करता येत नाही.

हातच का, याचे उत्तर त्वचेत आहे. एका तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या केसरहित त्वचेत स्पर्श ओळखणारी सुमारे 17,000 ग्राहके असतात आणि त्यांची सर्वाधिक दाटी बोटांच्या टोकांवर असते. काही ग्राहके सततचा दाब टिपतात, काही त्वचेवरचे घसरणे, तर काही सूक्ष्म कंप. मेंदूच्या स्पर्शक्षेत्रातही हाताच्या वाट्याला त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा आलेली आहे. गुळगुळीत दगड मुठीत धरून पाहावा. पहिल्या क्षणी तो गार लागतो, मग हळूहळू हाताची ऊब घेतो, आणि नुसता धरून ठेवला तर काही वेळाने तो हातात आहे हेच आपण विसरतो, कारण न बदलणाऱ्या स्पर्शाला ही ग्राहके कमी कमी प्रतिसाद देऊ लागतात. अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला की स्पर्श पुन्हा जागा होतो. चाळ्यात हालचाल का लागते, ते येथे कळते. ही संवेदना सौम्य, सतत आणि आपल्या ताब्यातली असते. काय होईल हे ठाऊक नसल्यामुळे जो ताण येतो, त्यात निदान एवढी एक गोष्ट आपल्या मनाप्रमाणे घडत असते.

लक्ष दुसरीकडे वळवण्याचा फायदा रुग्णालयातही तपासला गेला आहे. स्थानिक भूल देऊन जागेपणी केल्या जाणाऱ्या, फुगलेल्या शिरांवरील शस्त्रक्रियेच्या वेळी 398 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपेक्षा हातात स्ट्रेस बॉल दिलेल्या रुग्णांनी चिंता आणि वेदना दोन्ही कमी झाल्याचे सांगितले. शेजारी बसून बोलणाऱ्या परिचारिकेमुळेही असाच दिलासा मिळाला, आणि ही गोष्ट मला चेंडूच्या यशाइतकीच मोलाची वाटते.

काही ऐकून शिकायचे असते त्या वेळचे चित्र मात्र वेगळे आहे. तेथे चाळ्याने मदतही होते आणि नुकसानही. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी 40 जणांना एक कंटाळवाणा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला आणि त्यांपैकी निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला सांगितले. रंगवणाऱ्यांना नंतर 29 टक्के अधिक माहिती आठवली. एक शक्यता अशी मांडली जाते की, हाताला बेताचे काम असले की मन दिवास्वप्नांत भरकटत नाही.

2017 मध्ये जगभर लाट आलेल्या फिजेट स्पिनरची कसोटी घेतली गेली तेव्हा निष्कर्ष उलट निघाला. एडीएचडी म्हणजे अवधान-अभाव व अतिचंचलता असलेल्या 60 लहान मुलांना वर्गात स्पिनर दिल्यावर सुरुवातीला मुलांची धावपळ थोडी कमी झाली, पण त्यांचे धड्याकडचे लक्षही घटले. दुसऱ्या एका प्रयोगात व्हिडिओवरील व्याख्यान पाहताना स्पिनर फिरवणाऱ्यांना व्याख्यान कमी आठवले, आणि स्पिनरचा आपल्याला उपयोग होतो असे मानणारेही त्याला अपवाद ठरले नाहीत.

याचे कारण माझ्या मते स्पिनरच्या रचनेतच आहे. मध्यभागी बॉल बेअरिंग असल्यामुळे घर्षण फार कमी असते, आणि वजन पात्यांच्या टोकांकडे असल्यामुळे एकदा दिलेली गती बराच वेळ टिकते. म्हणजे एका टिचकीनंतर बोटांना काही करायचेच उरत नाही, आणि पाहण्यासारखे मात्र पुष्कळ असते. तो चिमटीत धरून तिरपा केला तर होणारा किंचित विरोध खरोखर गमतीचा असतो, परंतु कोनीय संवेगाचा, म्हणजे फिरती वस्तू आपल्या फिरण्याची दिशा टिकवू पाहते त्याचा, तो सुंदर अनुभव गणिताच्या तासाला हवा असतोच असे नाही.

चंचल मुलांच्या हालचालीकडे केवळ बेशिस्त म्हणून पाहणे चुकीचे आहे, हे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. एडीएचडी असलेली मुले अवघड स्मरणकार्य करताना अधिक हलतात आणि त्या हालचालीत त्यांची कामगिरी सुधारते, असे 2015 च्या एका अभ्यासात दिसले आहे. त्यांच्या हातातली वस्तू हिसकावून घेण्यापेक्षा ती बदलून पाहावी. आवाज न करणारी, न पाहता वापरता येणारी, दाबल्यावर किंचित विरोध करणारी वस्तू सहसा बरी. अगदी लहान मुलांच्या हाती सुटे होणारे भाग किंवा बटण-बॅटरी असलेले खेळणे मुळीच देऊ नये, कारण गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा करू शकते. रोजच्या व्यवहारात अडथळा आणणारी चिंता असेल, तर अशी वस्तू उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

पालकांना घरच्या घरी एक पडताळणी करता येईल. मुलाच्या हातात वस्तू देऊन त्याला एक अनोळखी गोष्ट वाचून दाखवावी आणि संपल्यावर गोष्टीत काय काय घडले ते विचारावे. दुसऱ्या दिवशी वस्तू न देता तितकीच लांब दुसरी गोष्ट वाचावी. असे चार-पाच दिवस आलटून पालटून करावे, आणि वाचताना मधूनमधून मान वर करून मूल आपल्याकडे पाहत आहे की स्वतःच्या हाताकडे, तेवढे टिपून ठेवावे.