पाण्याने तपासलेली जेवणाची वही

‘मी दिवसभरात काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वेळा ऐकू येते, की ऐकणाऱ्याच्या मनात सहसा दोनपैकी एक निष्कर्ष तयार असतो. बोलणारी व्यक्ती खोटे सांगते आहे, असे एकाला वाटते. तिचा चयापचय मंद असावा, असे दुसऱ्याला वाटते. हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात, आणि त्याचा उत्तम पुरावा डिसेंबर १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे.

न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स-रूझवेल्ट रुग्णालयात झालेल्या या अभ्यासातील एका गटात दहा जण असे होते, की दिवसाला १२०० पेक्षा कमी कॅलरी घेऊनही वजन कमी होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी चौदा दिवस आहाराची नोंद ठेवली. नोंदीप्रमाणे त्यांचा आहार दिवसाला सरासरी १०२८ कॅलरींचा होता. प्रत्यक्षात तो २०८१ निघाला. व्यायामाची नोंद मात्र खऱ्यापेक्षा सुमारे निम्म्याने जास्त होती. त्यांचा चयापचय शरीराच्या मानाने अपेक्षित होता तेवढाच भरला. (येथे कॅलरी म्हणजे आहारशास्त्रातील किलोकॅलरी.) वहीतून निम्मे जेवण गळाले होते आणि ते लिहिणाऱ्यांच्या लक्षात आले नव्हते.

माणूस घरी काय खातो यावर कोणीही पाळत ठेवली नव्हती. मग २०८१ हा आकडा आला कुठून? तो ज्या पद्धतीने मिळाला, ती शरीरक्रियाशास्त्रातील अत्यंत सुंदर पद्धतींपैकी एक आहे, आणि ती सावकाश समजून घेण्याजोगी आहे.

अन्न जाळताना शरीरात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून तो दोन आठवड्यांत एकूण किती तयार झाला हे कळले, तर किती ऊर्जा खर्च झाली हे काढता येते. विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात माणसाला काही दिवस राहता येईल असा उष्मामापी कक्ष उभारला होता आणि त्यात श्वासोच्छ्वासाचे वायू व उष्णता यांचे मोजमाप केले होते. परंतु कक्षात कोंडलेला माणूस घरच्यासारखा वावरत नाही आणि घरच्यासारखा जेवतही नाही. त्याला मोकळे सोडून हेच मोजता येईल का, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफसन यांच्या कामातून मिळाले. १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन (ज्याचा अणू नेहमीच्या ऑक्सिजनपेक्षा किंचित जड असतो) वापरून दाखवले, की उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आणि शरीरातील पाण्यातला ऑक्सिजन यांची अखंड अदलाबदल होत असते. रक्तातील तांबड्या पेशींत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन असते. ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्या संयोगाला प्रचंड वेग देते, आणि तयार झालेले कार्बोनिक आम्ल तितक्याच त्वरेने पुन्हा फुटते. आम्लाच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात. तो फुटताना त्यांतला कोणता अणू पाण्याबरोबर जाईल आणि कोणते दोन कार्बनबरोबर राहतील, हे ठरलेले नसते. ही घडामोड इतक्या वेळा होते, की फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये व्यवहारतः शरीरातील पाण्याचाच ऑक्सिजन असतो. पाण्यातल्या हायड्रोजनला मात्र बाहेर पडण्याची ही वाट उपलब्ध नाही, कारण कार्बन डायऑक्साइडमध्ये हायड्रोजनच नसतो.

या फरकातच सगळी युक्ती आहे. ज्या पाण्यात ड्युटेरियम हा हायड्रोजनचा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, पण वजनाने वेगळा अणू) आणि ऑक्सिजन-१८ हा ऑक्सिजनचा जड समस्थानिक, असे दोन्ही वाढवलेले आहेत, त्या पाण्याचा मोजून घेतलेला घोट माणसाला पाजतात. हे दोन्ही समस्थानिक स्थिर आहेत, त्यांतून कोणताही किरणोत्सार होत नाही, आणि नैसर्गिक पाण्यातही ते अल्प प्रमाणात असतातच. काही तासांत ते शरीरातील सुमारे चाळीस लिटर पाण्यात मिसळून जातात. पुढे ड्युटेरियम लघवी, घाम आणि श्वासातील वाफ यांवाटे, म्हणजे केवळ पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. ऑक्सिजन-१८ याच वाटांनी तर जातोच, शिवाय कार्बन डायऑक्साइडबरोबरही जातो, म्हणून तो अधिक वेगाने घटतो. एक-दोन आठवड्यांत घेतलेल्या लघवीच्या नमुन्यांत दोघांचे प्रमाण मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणाने मोजतात आणि त्याचा लॉगरिथम काळासमोर मांडतात. तेव्हा दोन उतरत्या सरळ रेषा मिळतात, आणि त्यांच्या उतारांतील फरकावरून कार्बन डायऑक्साइडची निर्मिती काढता येते. यात आणखी बारकावे आहेत. जड पाण्याची वाफ किंचित सावकाश होते, म्हणून तिच्यासाठी दुरुस्ती करावी लागते. तसेच एक लिटर कार्बन डायऑक्साइड कर्बोदकांपासून झाला असेल तर त्यामागे सुमारे ५ कॅलरी असतात आणि मेदापासून झाला असेल तर ६.६, त्यामुळे आहाराचे मिश्रण ढोबळमानाने ठाऊक असावे लागते. एवढे झाले, की ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाप्रमाणे खर्च झालेल्या ऊर्जेत शरीराच्या साठ्यातील वाढ मिळवली किंवा घट वजा केली, म्हणजे खाल्लेली ऊर्जा हाती येते. खाणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागत नाही.

लिफसन यांनी १९५५ मध्ये उंदरांवर ही पद्धत सिद्ध केली. ऑक्सिजन-१८ अतिशय महाग असल्याने ती माणसांपर्यंत येण्यास १९८२ साल उजाडले, आणि ते काम डेल शोलर यांनी केले. त्यानंतर ज्यांच्या ज्यांच्या वह्या या पाण्याने तपासल्या गेल्या, त्या बहुतेक उण्याच भरल्या. अमेरिकेतील २००२ च्या एका छोट्या तुलनेत दहा आहारतज्ज्ञ स्त्रियांच्या नोंदी दिवसाला सरासरी सव्वादोनशे कॅलरींनी कमी निघाल्या आणि इतर दहा जणींच्या सव्वाचारशेंनी. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांचीही नोंद उणी येते, हे लक्षात घेता या चुकीला लबाडी म्हणणे अन्यायाचे आहे.

वजन उतरवण्यासाठी दिवसाला साधारण पाचशे कॅलरींची तूट धरण्याचा प्रघात आहे. चारशेची चूक ती जवळजवळ पुसून टाकते. आपल्या स्वयंपाकात एवढी चूक होण्यास फार काही लागत नाही. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, आणि फोडणीचे तेल कढईत गेल्यावर भाजीच्या वाटीत ते वेगळे दिसत नाही. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात. तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात, पाणी शोषले गेल्यामुळे, १३० च्या आसपास. तांदूळ कच्चा तोलला आणि आकडा भाताचा लिहिला, तर एका जेवणात सव्वादोनशे कॅलरी हरवतात. कोशिंबिरीतले दाण्याचे कूट, पोळीवरचे तूप, चार कप चहांतली आठ चमचे साखर (हिच्याच १६० कॅलरी झाल्या) हे सगळे ‘जेवण’ या सदरात मोडत नाही, म्हणून लिहिले जात नाही. ताटाचा फोटो काढून कॅलरी सांगणारी ॲप अलीकडे आली आहेत; पण रश्शात किती तेल मुरले आहे हे छायाचित्रात उमटत नाही, त्यामुळे त्यांनी दाखवलेल्या नेमक्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. सकाळी कोमट पाण्यातून मध घेतल्याने चरबी वितळते, या समजाला तर कसलाच आधार नाही. मोठा चमचाभर मध स्वतःच साठएक कॅलरी वाढवतो, आणि तो ‘औषध’ असल्यामुळे वहीत कधीच येत नाही.

तेलाच्या बाबतीत लिफसन यांच्याच धर्तीवर, कोणालाही न विचारता मोजण्याचा एक मार्ग आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर ते सुमारे ३६८० ग्रॅम झाले. तीस दिवस आणि चार माणसे यांनी भागल्यास माणशी रोज ३१ ग्रॅम, म्हणजे जवळपास २७५ कॅलरी. तळणीनंतर टाकून दिलेले तेल यातून वजा करावे. वहीत रोजचे तेल दोन चहाचे चमचे, म्हणजे ८० कॅलरी, लिहिलेले असेल, तर उरलेल्या १९५ कुठे गेल्या हे डब्यानेच सांगितले. पोळ्यांसाठीही कणीक भिजवण्याआधी कोरडी तोलून तिला पोळ्यांच्या संख्येने भागणे, हे ‘मध्यम पोळी’ असे लिहिण्यापेक्षा कितीतरी विश्वसनीय आहे.

कोष्टकांतले आकडेही अंतिम नसतात. प्रथिने व कर्बोदके यांना ग्रॅममागे ४ आणि मेदाला ९ कॅलरी, हे ॲटवॉटर यांच्याकडून आलेले सरासरी गुणक आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये अखंड बदाम माणसांना खायला घालून मोजले, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ कॅलरीच मिळाल्या; गुणकांप्रमाणे येणारा आकडा त्याहून सुमारे ३२ टक्के जास्त होता, कारण न फुटलेल्या पेशींतला मेद पचत नाही.

अशा वेळी वहीची तपासणी वजनकाट्यावर करता येते, मात्र एका दिवसाच्या वजनावर नाही. शरीरातील ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या कर्बोदकाच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, शिवाय मिठाने पाणी धरून ठेवले जाते, त्यामुळे वजन दिवसागणिक किलोभर सहज हलते. पहिला आठवडा सोडून द्यावा, रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि चार आठवड्यांच्या अंतराने दोन सरासरी ताडून पाहाव्यात. एक किलो चरबीच्या ऊतीत साधारण ७७०० कॅलरी असतात. २८ दिवसांत सरासरी एक किलोने उतरली, तर खरी तूट रोज २७५ ची होती. वही ५०० सांगत असेल, तर सव्वादोनशे कॅलरींची तफावत राहते: त्या नोंदीतून निसटल्या असतील किंवा खर्चाचा अंदाज तेवढ्याने फुगलेला असेल. कारण कोणतेही असो, पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट तेवढी रक्कम धरून मांडता येते. तेलाच्या डब्याचा हिशेब घालूनही वही आणि काटा यांचा मेळ मुळीच बसत नसेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. आणि आकडे लिहिताना ज्यांना खाण्याचीच भीती वाटू लागते, त्यांनी हा हिशेब थांबवून डॉक्टरांशी बोलावे.