वर्चस्वाची उतरंड

कळपाने किंवा टोळीने राहणाऱ्या प्राण्यांत अन्न, जोडीदार आणि बसण्या-निजण्याची जागा यांवर आधी हक्क कोणाचा, हे ठरवणाऱ्या क्रमाला वर्चस्वाची उतरंड म्हणतात. हा क्रम रोज मारामारी करून ठरत नाही. एकदा कोण भारी हे कळले की दुबळा नजर चुकवतो, जागा सोडतो आणि दोघांचीही दुखापत टळते. वर्चस्व दोन प्राण्यांमधल्या संबंधात असते. तोच प्राणी एकासमोर दबतो आणि दुसऱ्याला दाबतो. ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा कायदा, असे म्हणणारे नेमके हेच विसरतात.

या अभ्यासाची सुरुवात कोंबड्यांपासून झाली. नॉर्वेचे थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे लहानपणापासून एकेक कोंबडी ओळखून कोण कोणाला टोचते याच्या नोंदी ठेवत. १९२२ साली त्यांनी हा चोचीचा क्रम प्रसिद्ध केला. पहिली कोंबडी कोणालाही टोचू शकते, शेवटची सगळ्यांचे टोचणे सोसते. मधल्या क्रमात कधी गुंताही असतो: एक कोंबडी दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा त्या एकीलाच टोचते. हा क्रम ओळखीवर उभा असतो. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके आणि तुरा यांवरून ओळखतात. तुऱ्याचे रूप बदलले की ओळखीची कोंबडीही परकी ठरते आणि भांडण नव्याने सुरू होते.

महाराष्ट्रातल्या गावागावांत दिसणाऱ्या काळ्या तोंडाच्या वानरांची गोष्ट याहून कठोर आहे. त्यांच्या टोळीत बऱ्याच माद्या, पिल्ले आणि बहुधा एकच प्रौढ नर असतो. त्याला हुप्प्या म्हणतात. उरलेले नर वेगळी टोळी करून हिंडतात आणि संधी मिळताच हुप्प्याला हुसकावून लावतात. जपानी संशोधक युकिमारु सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या परिसरात असे सत्तांतर पाहिले. नव्या नराने टोळीतली अंगावर पिणारी पिल्ले मारली. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी आणि अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी अशाच घटना नोंदवल्या. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याला, त्याची सद्दी संपण्याआधी, स्वतःची पिल्ले होतात, असे हर्डी यांनी मांडले. गर्दीमुळे बिघडलेले हे वर्तन आहे, असे म्हणून अनेकांनी तेव्हा त्याला विरोध केला. सगळीकडे असेच घडते असेही नाही. अनेक प्रौढ नर एकत्र नांदणाऱ्या टोळ्याही आहेत.

माद्या हे मुकाट सोसत नाहीत. अबूच्या टोळ्यांत तरुण माद्यांचा मान वरचा आणि म्हाताऱ्यांचा खालचा होता. तरीही पिल्लावर नर चालून आला की वयस्क माद्या पुढे सरसावत आणि त्याच्या तावडीतून पिल्लू हिसकावू पाहत. उतरंडीत तळाशी असणे म्हणजे भित्रे असणे नव्हे, हे या नोंदीतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

माकडांच्या आणि तरसांच्या काही जातींत दर्जा आईकडून येतो. ठिपकेदार तरसांत तर माद्याच नरांवर भारी असतात. वरच्या दर्जाच्या मादीचे पिल्लू दांडग्या प्रौढालाही हटवते, कारण भांडणात आई आणि आईची माणसे त्याच्या पाठीशी उभी राहतात.

सत्ता आणि दांडगाई यांची फारकत सर्वांत सुंदर दिसते ती दक्षिण भारतातल्या एका साध्या गांधीलमाशीत. रोपालिडिया मार्जिनाटा या जातीवर राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ काम केले. या माशीच्या पोळ्यात राणी सर्वांत शांत असते. ती कोणाला चावत नाही, कोणाचा पाठलाग करत नाही. तिची सत्ता तिच्या अंगच्या गंधद्रव्यावर चालते. तिला पोळ्यावरून उचलून नेले की थोड्याच वेळात एक कामकरी माशी अचानक आक्रमक होते, इतरांना चावते, ढकलते. तिला कोणी आव्हान देत नाही. आठवडाभरात तिचे अंडाशय वाढतात, ती अंडी घालू लागते आणि तीही तशीच शांत होते. ही वारस आधी ना आकाराने ओळखू येते, ना दांडगाईने. निरीक्षकाला ती सांगता येत नाही. पोळ्यातल्या माश्यांना मात्र ती ठाऊक असावी, असे प्रयोगांतून दिसते.

लांडग्यांच्या बाबतीत लोकांच्या मनात जे चित्र बसले आहे ते बरेचसे चुकीचे आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या झगड्यांचे वर्णन केले आणि ‘अल्फा’ नराची, म्हणजे झगडून सर्वांना दाबणाऱ्या पुढाऱ्याची कल्पना रूढ झाली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी आधी ती उचलून धरली होती. रानातले कळप वर्षानुवर्षे पाहिल्यावर १९९९ साली त्यांनीच ती दुरुस्त केली. रानातला कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले एवढाच असतो. पुढारी लांडगा म्हणजे बाप. ही दुरुस्ती होऊनही ‘अल्फा पुरुष’ बनवण्याचे वर्ग आजही चालतात, हे खेदाचे आहे.

माणसात दर्जाचा परिणाम थेट शरीरावर मोजला गेला आहे. १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात ब्रिटनच्या सरकारी नोकरांत खालच्या हुद्द्यावरच्यांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या हुद्द्यावरच्यांच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब अशी कारणे वजा केली तरी तफावत पूर्ण मिटली नाही.

दंड, म्हणजे शिक्षा करण्याची सत्ता, धरणारा कोणी नसेल तर बलवान दुबळ्याला गिळतो, असे कौटिलीय अर्थशास्त्र सांगते आणि त्याला मात्स्यन्याय म्हणते. पण दंड हाती असलेलेच उतरंड जन्माशी बांधून टाकतात तेव्हा काय होते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवले. जातिव्यवस्थेला त्यांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले: प्रत्येक पायरीच्या खाली आणखी एक पायरी असल्यामुळे सगळे पीडित एकत्र येऊन वरच्याला जाब विचारत नाहीत. प्राण्यांत आईकडून आलेला दर्जाही पाठीराखे सुटले की ढळतो. जातीला धर्मशास्त्राचा आधार मिळाला आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. म्हणून जातीच्या समर्थनासाठी निसर्गाचा दाखला देणे खोटे आहे.

माणसाने उतरंड मुद्दाम रोखल्याची उदाहरणेही आहेत. मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफर बोम यांनी भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास करून दाखवले की तिथे वर चढू पाहणाऱ्याला बाकीचे मिळून खाली आणतात: आधी थट्टेने, मग बोलणे टाकून, शेवटी हाकलून किंवा ठार मारूनही. दक्षिण आफ्रिकाखंडातल्या कलाहारी वाळवंटातल्या जू-होआन्सी या शिकारी लोकांत मोठी शिकार आणणाऱ्याने स्वतःच ती किरकोळ म्हणायची असते आणि इतरही तिला नावे ठेवतात, म्हणजे त्याच्या डोक्यात हवा जात नाही. मांस वाटण्याचा मान जो बाण लागला त्या बाणाच्या मालकाचा असतो आणि बाण एकमेकांना दिले-घेतले जात असल्यामुळे तो मालक बऱ्याचदा शिकारीला गेलेलाही नसतो.