क्रिएटिन आणि प्री-वर्कआउट: घड्याळ नेमकं कुणासाठी बघायचं

क्रिएटिन वर्कआउटच्या आधी घ्यायचं की नंतर, हा प्रश्न जिममध्ये रोज कोणीतरी विचारतंच, आणि तो पडतो कारण क्रिएटिन आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधी जोर यावा म्हणून प्यायची पावडर) लोक एकाच माळेत ओवतात. दोन्ही पावडर, दोन्ही शेकरमध्ये, मग कामही सारखंच असणार ना? तर नाही.

प्री-वर्कआउटमधला खरा हिरो म्हणजे कॅफिन. प्यायल्यावर साधारण अर्धा ते एक तासात रक्तात पुरतं चढतं, मेंदूला थकवा कमी जाणवतो, सेट जोरात जातो, आणि मग उतरतं. म्हणून इथे टायमिंगला अर्थ आहे. उलट बाजूनेही आहे बरं का, कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री 8 च्या बॅचला स्कूप मारून आलात तर 1 वाजता निम्मं अंगात शिल्लक, मग झोप येत नाही म्हणून रडायचं नाही.

क्रिएटिनचं सगळं वेगळं. ते स्नायूंमध्ये साठतं आणि जड सेटच्या पहिल्या काही सेकंदांत जी एटीपी (स्नायूंचं तातडीचं इंधन) झरझर संपते ती परत बनवायला हाताशी असतं. आज 5 वाजता घेतलेला चमचा 6 वाजताच्या स्क्वॅटला कामाला येत नाही, कामाला येतो तो गेल्या काही आठवड्यांत जमलेला साठा. गच्चीवरची टाकी भरलेली असली की नळ कधीही सोडा, पाणी येतंच, पंप सकाळी लावला की दुपारी ते कोण विचारतो.

टाकी भरायची कशी, तर रोज 3 ते 5 ग्रॅम, तीन-चार आठवडे. घाई असेल तर लोडिंग, म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम चार भागांत, 5-7 दिवस, पण पोट बिघडू शकतं आणि महिनाभराने दोघं एकाच जागी पोचतात, त्यामुळे मला तरी त्यात काही राम वाटत नाही. शाकाहारी लोकांचा साठा मुळात कमी असतो (आहारातलं क्रिएटिन मुख्यतः मांस-मासळीतून येतं) म्हणून त्यांना फरक जास्त दिसू शकतो.

आता आधी की नंतर. 2013 च्या एका अभ्यासात 19 बॉडीबिल्डर्सना चार आठवडे 5 ग्रॅम दिलं, काहींना आधी, काहींना नंतर. नंतरवाल्यांकडे किंचित कल दिसला, पण इतकी कमी माणसं आणि इतका बारीक फरक, त्यावरून भांडण्यात मजा नाही. जेवणासोबत घ्या, विसरणार नाही ती वेळ पकडा.

खरी गडबड होते रेस्ट डेला. प्री-वर्कआउट त्या दिवशी लागत नाही, बरोबर, पण त्याच्यासोबत लोक क्रिएटिनलाही सुट्टी देऊन टाकतात! शरीर रोज साधारण 2 ग्रॅम क्रिएटिनचं क्रिएटिनिन करून लघवीतून बाहेर टाकतं, तुम्ही जिमला गेलात काय नि घरी लोळलात काय. रविवारीही घ्यायचंच.

आणि डब्याचं लेबल वाचा. बऱ्याच प्री-वर्कआउटमध्ये क्रिएटिन असतं पण एखाद-दोन ग्रॅमच, त्यावर विसंबून राहिलात तर डोस अर्धवट. तो पुरा करायला दोन स्कूप मारणं तर अजिबात नको, कॅफिनही दुप्पट होईल. क्रिएटिन मोनोहायड्रेट वेगळं घ्या, साधं, बिनचवीचं, स्वस्तही पडतं. फक्त रक्ततपासणीला जाताना घेताय हे डॉक्टरांना सांगा, क्रिएटिनिनचा आकडा (त्यावरून किडनीचं काम जोखतात) थोडा वर येऊ शकतो आणि उगाच किडनीची चर्चा सुरू होते. किडनीचा त्रास आधीपासून असेल तर मात्र डब्याला हात लावायच्या आधीच त्यांना विचारा.