आरसी (रिमोट कंट्रोल) कार रेसला नाव नोंदवताय? आधी बॅटरी तपासा, मग फॉर्म भरा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं रेसचा फॉर्म हातात आला की आधारची झेरॉक्स काढायला पळतात. कागद अर्ध्या तासात जमतात. मैदानावरून परत यावं लागतं ते बॅटरीमुळे.

१:१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांत बहुधा दोन सेलचा लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पॅक असतो, म्हणजे आपला टूएस. त्याच्यावर ७.४ व्होल्ट छापलेलं असलं तरी पूर्ण चार्ज झाल्यावर तो ८.४० व्होल्ट दाखवतो, दर सेलला ४.२०. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हीच कमाल मर्यादा धरतात. 'एचव्ही' (हाय व्होल्टेज) लिहिलेला पॅक दर सेल ४.३५ पर्यंत चार्ज करून आणलात, तर तपासणीच्या टेबलावरचा मीटर ते लगेच दाखवतो. पॅकला कडक प्लास्टिकचं कवच, म्हणजे हार्ड केस हवी. कवचाला तडा, वायरचं उघडं तांबं किंवा थोडीशीसुद्धा फुगवटी दिसली, तर तो पॅक घरीच ठेवा. फुगलेला पॅक दाबून परत कवचात बसवणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. आत वायू साठलेला असतो, आणि दाबताना सेलमधला पडदा फाटला की शॉर्टसर्किट होऊन तिथंच पेट घेतो.

फॉर्मसोबत साधारण एवढं लागतं: फोटो असलेलं ओळखपत्र, कॉलेजची रेस असेल तर कॉलेजचं कार्ड, आणि वय १८ च्या आत असेल तर आईवडिलांचं सहीचं संमतीपत्र. पत्र मराठीत लिहिलं असेल तर खाली दोन ओळी कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहा. हुबळी-धारवाडहून आलेल्या स्वयंसेवकाला वाचता आलं तर रांगेत अडकायला होत नाही. फॉर्मवर पॅकची क्षमता आणि सेलची संख्या विचारली असेल, तर स्टिकर बघूनच लिहा. स्टिकर खरवडून काढलेला पॅक तपासनीस घेणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पॅक ऑनलाइन मागवणार असाल तर महिनाभर आधी मागवा. लिथियम बॅटरीचं पार्सल विमानाने पाठवण्यावर निर्बंध असल्यामुळे ते बहुतेक वेळा रस्त्याने येतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बाहेरच्या रेसला जाणार असाल, तर सुटे पॅक केबिनच्या बॅगेतच ठेवायचे, टोकांना टेप लावून. चेक-इनच्या बॅगेत सुटा पॅक चालत नाही. ५००० एमएएचचा टूएस ३७ वॉट-अवरचा असतो, १०० वॉट-अवरच्या मर्यादेत आरामात बसतो.

पिटमध्ये, म्हणजे मैदानावरच्या गाडी तयार करायच्या जागेत, चार्जिंग लायपो सॅकमध्येच (आग न लागणाऱ्या पिशवीत) करायचं, बॅलन्स लीड, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारी छोटी वायर जोडून. ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर पुरे. चार्जर सुरू ठेवून चहाला जायचं नाही, हे मी दर वेळी पोरांना बजावतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेला माझा एक पॅक संध्याकाळपर्यंत फुगला होता. तेव्हापासून पॅक सावलीत, डब्यात, दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवतो. पॅक पूर्ण भरायचा तो रेसच्या दिवशीच. आणि दर सेल ३.० च्या खाली उतरू द्यायचा नाही. स्पीड कंट्रोलरमधला कटऑफ (व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवणारी सोय) लायपोवर लावलेला आहे ना, ते गाडी सोडायच्या आधी बघा.

वाळूची बादली जवळ हवी. वाळूने लायपोची आग विझत नाही, सेल आतून जळतच राहतो. ज्वाळा आटोक्यात राहतात, एवढंच. धूर विषारी असतो, म्हणून वारा जिकडून येतोय त्या बाजूला सगळ्यांना न्या आणि ११२ ला फोन करा.

खराब पॅक कचरागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, आणि तिथं पेटला तर हात भाजतात ते सफाई कामगाराचे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडेच द्यायची असते. तोवर टोकांना टेप लावून, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवा.