पन्नाशीनंतर चेहऱ्यावरची पावडर का तडकते?

मे महिन्यातल्या लग्नसराईत मराठवाड्यातल्या कोणत्याही मंगल कार्यालयात एक दृश्य हमखास दिसते. अक्षता पडण्याआधी छान बसलेला वरमाईचा मेकअप पंगती उठेपर्यंत डोळ्यांखालच्या आणि ओठांभोवतीच्या बारीक रेघांमध्ये जमा झालेला असतो, आणि तिच्याच सोबत त्याच पार्लरमधून, त्याच बाटलीतले फाउंडेशन लावून आलेल्या भाचीचा चेहरा मात्र जसाच्या तसा असतो. दोष बहुधा पार्लरवालीला दिला जातो, नाहीतर उकाड्याला. उकाड्याचा वाटा नाकारता येत नाही. परंतु मावशी आणि भाची एकाच उकाड्यात बसलेल्या असतात. फरक त्यांच्या त्वचेत असतो, आणि तो नीट समजला की प्रसाधनांपैकी काय घ्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय घेऊ नये, हे ठरवणे बरेच सोपे होते.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा मृत, चपट्या पेशींचा असतो. आपल्याकडच्या जुन्या गढीची भिंत डोळ्यांसमोर आणावी: पेशी म्हणजे तिचे दगड, आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे मिश्रण. या मिश्रणात वजनाने जवळपास निम्मा वाटा एकट्या सेरामाइडचा असतो आणि शरीरातले पाणी बाहेर उडून जाऊ न देण्याचे काम मुख्यतः तेच करते. वय वाढते तसा हा चुना कमी पडू लागतो, तैलग्रंथींचे काम मंदावते, आणि तरुणपणी साधारण २८ दिवसांत नवा होणारा हा थर नवा व्हायला ४० दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. जुन्या पेशी पृष्ठभागावर रेंगाळल्यामुळे चेहरा निस्तेज आणि खरबरीत वाटतो. भाचीच्या चेहऱ्यावर पावडरीला भिजवून धरणारे तेल असते. मावशीच्या चेहऱ्यावर ते नसते, म्हणून पावडर कोरडीच राहते आणि चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर उंचावट्यावरून सरकून रेघांत जाऊन बसते. पावडर मुळात जास्तीचे तेल शोषण्यासाठी असते. जिथे तेलच उरलेले नाही तिथे तिला करण्यासारखे काही नसते.

या थराच्या खाली आहे तो खरा आधार, म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. प्रौढ वयात ते दरवर्षी सुमारे एक टक्का कमी होत जाते, परंतु स्त्रियांच्या बाबतीत ही घसरण सरळ रेषेत होत नाही, कारण कोलॅजेनची निर्मिती इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी बांधलेली आहे. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच त्वचेतले जवळपास ३० टक्के कोलॅजेन कमी होते, असे अभ्यासांत आढळले आहे. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७ आहे, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. त्यामुळे तिकडच्या जाहिरातींतला ‘पन्नाशीनंतर’ हा शिक्का आपल्याकडे थोडा उशिराचाच ठरतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या बाबतीत तर तो अगदीच गैरलागू आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८० हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले गेले असतील तर इस्ट्रोजेन एकाएकी आटते आणि पस्तिशीतल्या बाईच्या त्वचेत पन्नाशीतले बदल सुरू होतात. अशा बाईच्या बाबतीत हाडांची काळजी आधी येते, त्वचेची नंतर. पण दोन्हींचे मूळ एकच आहे.

आता उन्हाकडे वळू, कारण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि डाग यांतला मोठा भाग वयाचा नसून उन्हाचा असतो. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे येथे सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर येतो, आणि त्यांपैकी पहिली वेळ मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आभाळ निरभ्र असताना आणि लग्ने जोरात असताना येते. किरणांना वातावरणातून कमीत कमी अंतर कापावे लागत असल्याने त्यांतला अतिनील भाग पुरेपूर पोहोचतो. त्यातले ‘बी’ किरण त्वचा भाजतात आणि त्यांची जाणीव लगेच होते; ‘ए’ किरण मात्र भाजत नाहीत, खोलवर जातात, कोलॅजेन तोडतात आणि साध्या काचेतूनही आरपार येतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. २८ वर्षे ट्रक चालवल्यानंतर त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जाड आणि सुरकुतलेली झाली होती. रोज एसटीच्या खिडकीशी बसून नोकरीच्या गावी ये-जा करणाऱ्या शिक्षिकांनी हे छायाचित्र आठवणीत ठेवावे.

सनस्क्रीनच्या बाबतीत बहुतेकींचे लक्ष आकड्याकडे जाते, आणि तिथेच हिशेब चुकतो. एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, ३० असलेले क्रीम ‘बी’ किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० असलेले ९८ टक्के. परंतु हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजलेले असतात. आपण प्रत्यक्षात त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतो. तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा, एवढे क्रीम चेहरा आणि गळा मिळून लागते. उन्हात काम असेल तर ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते, जे कापूस वेचणाऱ्या किंवा खुरपणीला जाणाऱ्या बाईला परवडणारे नाही, आणि तसा आग्रह धरण्यात अर्थही नाही. तिच्यासाठी घट्ट विणीचे गडद कापड हेच उत्तम सनस्क्रीन आहे. विरळ विणीच्या पांढऱ्या सुती ओढणीतून मात्र बरेच किरण आत येतात. ज्यांना वांग आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही वांग गडद करतो, आणि तो नेहमीच्या सनस्क्रीनने अडत नाही. तो अडवतो लोहाचा ऑक्साइड, जो रंगीत सनस्क्रीनमध्ये आणि फाउंडेशनमध्ये रंगद्रव्य म्हणून घातलेला असतो. येथे रंग लावणे हाच उपचाराचा भाग ठरतो.

चेहरा धुण्याची गोष्ट साधी वाटते, पण आपल्या भागात ती तशी नाही. बेसाल्टच्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, आणि त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारा हा साका चेहऱ्यावरही बसतो, फक्त तिथे तो दिसत नाही. शिवाय त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी असतो आणि साबणाचा ९ ते १०, त्यामुळे आधीच कमी पडलेला चुना आणखी धुऊन जातो. प्रौढ त्वचेसाठी साबणविरहित फेसवॉश घ्यावा, तोही दिवसातून एकदाच. सकाळी नुसते पाणी पुरते. तोंड धुतल्यावर चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले क्रीम लावावे, कारण ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, आणि अतिशय कोरड्या जागी रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, कारण उडून जाणारे पाणी अडवण्यात तिचा हात धरणारे स्वस्त द्रव्य दुसरे नाही. तेलांविषयी मतभेद फार आहेत. ओलेइक आम्ल अधिक असलेले ऑलिव्ह तेल त्वचेची ही पाणी अडवणारी भिंत कमकुवत करते आणि लिनोलिक आम्लाने समृद्ध असलेले सूर्यफुलाचे तेल तसे करत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. मराठवाड्याच्या काळ्या रानातली करडई लिनोलिक आम्लाच्या बाबतीत सूर्यफुलालाही मागे टाकते; परदेशी बाटलीच्या मागे लागण्यापूर्वी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

सुरकुत्यांवर ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे ते द्रव्य म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले रेटिनॉइड. ते कोलॅजेनची निर्मिती वाढवते, पण सुरुवातीला त्वचा सोलवटते, म्हणून आठवड्यातून दोनदा, रात्री, वाटाण्याएवढ्या प्रमाणात सुरू करावे लागते. ते न सोसणाऱ्यांसाठी बाकुचिऑल नावाचे द्रव्य अलीकडे लोकप्रिय झाले आहे. ते आपल्या बावचीतून मिळते. मात्र म्हणून बावचीचे तेल घरी चेहऱ्याला चोळू नये, कारण त्यातले सोरालेन उन्हात त्वचा भाजवते. लिंबाच्या फोडीनेही तोच धोका संभवतो. आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, आठवड्यात ‘फरक’ दाखवणारी गोरेपणाची मलमे तर कटाक्षाने टाळावीत. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असते, जे त्वचा पातळ करते, लाल रक्तवाहिन्या उघड्या पाडते आणि थांबवल्यावर चेहरा आगीसारखा जळतो. कपाळाच्या कडेचा काळेपणा प्रत्येक वेळी वांगच असतो असेही नाही. कलपातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी अनेकदा तिथेच उमटते.

प्रसाधनाकडे शेवटी येण्याचे कारण असे की, वरची कामे झाली असतील तर ते फारच थोडे लागते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की वयाबरोबर चेहऱ्यावरचा रंगांतला फरक मावळतो: ओठांचा लालपणा, भुवयांचा गडदपणा आणि डोळ्यांची रेघ आजूबाजूच्या त्वचेत मिसळत जातात, आणि पाहणारा नकळत त्यावरूनही वय ओळखतो. तसे असेल तर सगळ्या चेहऱ्यावर एकच रंग फासणे हा उलटा उपाय झाला, कारण फाउंडेशनचा जाड थर उरलासुरला फरकही पुसून टाकतो. आजीचे काजळ आणि ठसठशीत कुंकू यांनी हे काम फार पूर्वीपासून केले आहे. फक्त सुरम्यात शिसे नाही याची खात्री करावी, आणि टिकलीच्या जागी खाज सुटू लागली किंवा त्वचा फिकट दिसू लागली तर ती ताबडतोब बंद करावी. काही टिकल्यांच्या गोंदातले ब्युटिल-फिनॉल जातीचे रसायन रंगपेशी मारते आणि तिथे कायमचा पांढरा डाग राहू शकतो. लिपस्टिक ओठांबाहेर ओघळते ती तिच्यातल्या तेलामुळे. आधी मेणाचे प्रमाण अधिक असलेल्या लिप लायनरने कड आखली तर ते तेल अडते. चाळिशी लागल्यानंतर हे सारे मोठे दिसणाऱ्या आरशात आणि खिडकीच्या उजेडात करावे, कारण ट्यूबलाइटखाली चष्म्याशिवाय लावलेली भुवयांची पेन्सिल बाहेर आल्यावर भलतीच दिसते.

लग्नाच्या सकाळी क्रीम लावल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग सनस्क्रीन, त्यावर डाग असतील तेवढ्याच जागी बोटाने थोपटून फाउंडेशन, आणि पावडर लागलीच तर फक्त नाक व कपाळाच्या मध्यावर. डोळ्यांखालची जागा मोकळी ठेवावी. दुपारी घाम आला तर तो सुती रुमालाने टिपावा, वरून पावडरीचा दुसरा हात देऊ नये. घामात कालवलेली पावडर वाळताना पुन्हा त्याच रेघांमध्ये जाऊन बसते.